शेतात सापडलेली रानसशाची पिल्ले
रावेर-यावलकडे केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या सरीत रानसशाची पिल्ले एकटी दिसली, तरी ती पोरकी समजून घरी आणू नयेत. त्यांची आई दिवसभर दूर राहते आणि बहुधा अंधार पडल्यावरच दूध पाजायला परतते. जन्मतःच अंगावर केस व डोळे उघडे असल्याने ती वाढवायला सोपी वाटतात, परंतु पिंजऱ्यात ती भीतीनेही दगावू शकतात आणि गाईच्या दुधाने त्यांना हगवण लागते. मशागत चालू असेल तर हातात गवत घेऊन पिलू उचलावे, जवळच्या बांधावर सावलीत ठेवावे आणि (हे हमखास विसरले जाते) शेतातला कुत्रा बांधून ठेवावा. पिलू जखमी असल्यास झाकलेल्या, हवेशीर खोक्यात ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानससा पाळता येत नाही.