मानशीवरच्या उपकरणाचे मॉडेल निवडताना या चुका टाळा

खाजन जमिनीच्या (खाडीकाठी बांध घालून लागवडीखाली आणलेल्या जमिनीच्या) बांधावर, मानशीलगत (बांधातल्या, पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दारालगत), पाण्याची पातळी मोजून ती घरी कळवणारे उपकरण बसवायचे असेल, तर आधी संगणकावर त्याचे मॉडेल तयार करणे शहाणपणाचे असते; मात्र हाताशी असलेल्या सॉफ्टवेअरला जमते तेच मॉडेल निवडले, की पुढच्या बहुतेक चुकांची सुरुवात तिथेच होते.

भरती-ओहोटीचे पाणी सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या चक्रात सलग वर-खाली होत असल्याने त्याला अवकल समीकरणे (सलग बदलाचा वेग मांडणारी समीकरणे) शोभतात. मानशीचे दार मात्र भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला उघडते; ते काम अवस्थायंत्राचे, म्हणजे एका ठरावीक अवस्थेतून दुसरीत उडी मारणाऱ्या मॉडेलचे. दोन्ही एकाच सलग समीकरणात कोंबून गणनेची पायरी १० मिनिटांची ठेवली, तर दार मिटण्याचा क्षण दोन पायऱ्यांच्या मध्ये निसटतो आणि मॉडेलमध्ये खारे पाणी शेतात शिरलेले दिसते. अशा वेळी बांधाला दोष न देता दोन्ही जोडणारे संमिश्र मॉडेल घ्यावे आणि पातळीने उंबरठा (दार मिटण्या-उघडण्याची ठरवलेली पातळी) ओलांडल्याचा नेमका क्षण शोधण्याची सोय त्यात सुरू करावी. प्रत्यक्ष जागेवर लाटेगणिक ‘उघडले, मिटले’ असे संदेश येऊ लागले, तर एका उंबरठ्याऐवजी दोन ठेवावेत. उदाहरणार्थ, मिटल्याची नोंद १.५० मीटरला आणि उघडल्याची १.४० मीटरला.

बॅटरीच्या बाबतीत सरासरीवर विसंबणे महागात पडते. ईएसपी३२ हा उपकरणातला वाय-फाय असलेला नियंत्रक गाढ झोपेत सुमारे १० मायक्रोअँपिअर घेतो, तर वाय-फायवरून पाठवताना क्षणभर २०० मिलिअँपिअरच्याही वर जातो. आमच्या पहिल्या मॉडेलमध्ये झोप, मोजणी आणि प्रेषण अशा तीनच अवस्था होत्या. जुलैच्या पावसात वीज गेली, घरातला गेटवे (उपकरणाचे संदेश घेणारे यंत्र) बंद पडला आणि चार महिने पुरेल असे ज्या बॅटरीबद्दल मॉडेल सांगत होते, ती जोडणी शोधत राहून दोन दिवसांत संपली. ‘गेटवे सापडत नाही’ ही चौथी अवस्था, आणि दर अपयशानंतर दुप्पट होत जाणारी विश्रांती, आम्ही त्यानंतर घातली.

(याच सुमारास कोणीतरी ‘डिजिटल ट्विन’, म्हणजे उपकरणाची संगणकातली जिवंत प्रतिकृती, करण्याचा सल्ला देतोच. उपकरणाकडून येणाऱ्या नोंदींनी जे स्वतःला दुरुस्त करत नाही, ते केवळ सुबक त्रिमितीय चित्र असते.)

पुढे गेटवे इन्व्हर्टरवर घेतला आणि त्यातून नवी चूक उघडी पडली. बांधावरचे उपकरण गाढ झोपेतून उठताना मिलिसेकंद शून्यापासून मोजू लागते, पण अखंड जाग्या गेटवेचा ३२ बिटांचा गणक ४९ दिवस १७ तासांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. पुढच्या संदेशाची वेळ झाली का हे पाहणारी तुलना ‘आता’ आणि ‘मागची वेळ अधिक अंतर’ अशी केलेली असल्याने त्या सुमारास काही मिनिटे संदेशांचा लोंढा लागला. सात दिवसांच्या सिम्युलेशनमध्ये हे दिसणे शक्यच नव्हते. तुलना ‘आता उणे मागची वेळ’ अशी करावी, आणि चाचणीत गणक शून्याऐवजी भरण्याच्या पाच मिनिटे आधीपासून सुरू करावा.