इंडोनेशियन ‘चिंता’ म्हणजे काळजी नव्हे : ओळखीचे शब्द वाचताना या चुका टाळा

‘अकु चिंता कामु’चा अर्थ ‘मला तुझी काळजी वाटते’ असा लावला, तर कबुलीच हुकते. इंडोनेशियनमध्ये चिंता म्हणजे प्रेम. संस्कृतात चिंता म्हणजे विचार, चिंतन. मराठीत ते काळजीकडे वळलं, तिकडे प्रेमाकडे. उगम जुळला म्हणून आजचा अर्थ जुळत नाही, आणि मराठी वाचक सर्वाधिक फसतो तो इथेच. ‘देसा’ म्हणजे खेडं, तर नगरावरून आलेला ‘नगारा’ म्हणजे राष्ट्र. ‘सुआमी’ म्हणजे नवरा. ‘उपाचारा’चा औषधपाण्याशी संबंध नाही, तो समारंभ. षोडशोपचार पूजेतला उपचार आठवला की हा अर्थ लगेच पटतो.

आकड्यांतली चूक महागात पडते. इंडोनेशियन जिच्यातून घडली त्या मलय भाषेच्या जुन्या मजकुरातला ‘लक्सा’ 10,000 चा, लाखाचा नव्हे; लाखाला ‘केती’. रोजच्या व्यवहारातला ‘जुता’ म्हणजे 10 लाख, म्हणून ‘लिमा (पाच) जुता’ म्हणजे 50 लाख रुपिया.

‘माताहारी’ म्हणजे सूर्य. यात आपली माता नाही आणि हरीही नाही. माता म्हणजे डोळा, हारी म्हणजे दिवस : दिवसाचा डोळा. पडताळा हवा असेल तर मादागास्करची मालागासी भाषा पाहा. तीही इंडोनेशियनसारखी ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळातलीच. तिथे डोळा ‘मासो’, सूर्य ‘मासोआंद्रो’, रचना तीच. याच कुळातल्या हवाईयनमध्ये डोळ्याला ‘माका’ म्हणतात, कारण तिथे मूळच्या ‘त’चा नियमाने ‘क’ होतो. ‘तापु’चं (निषिद्ध) ‘कापु’ झालं तसं. नातं ठरतं ते अशा नियमित ध्वनिबदलांवरून. आधुनिक ग्रीकमध्येही डोळ्याला ‘माती’ म्हणतात, पण ते निव्वळ योगायोगाचं साम्य.

एकच शब्दलेखन म्हणजे एकच शब्द, असंही धरू नका. ‘बिसा उलार’मधला बिसा हा सापाचं विष, थेट संस्कृतातून आलेला. ‘साया बिसा’ (मी करू शकतो) मधला बिसा वेगळाच. दोघांत ओढूनताणून दुवा जोडू नये.

भाषांतराच्या ॲपमध्ये मलय आणि इंडोनेशियन वेगवेगळ्या निवडा. मलेशियात ‘पर्चुमा’ म्हणजे फुकट, इंडोनेशियात व्यर्थ. ‘बुडाक’ मलेशियात लहान मूल, इंडोनेशियात गुलाम.

शब्द सापडत नसेल तर आधी उपसर्ग-प्रत्यय काढा : ‘मन्चिंताई’ (प्रेम करणे) हा ‘चिंता’खाली मिळेल, ‘पङुसाहा’ (उद्योजक) ‘उसाहा’खाली. रोमन ‘सी’ नेहमी ‘च’ वाचा. 1972 च्या लेखनसुधारणेआधीच्या पुस्तकांत याच ‘च’साठी ‘टी’ आणि ‘जे’ अशी दोन अक्षरं दिसतील.