विश्व पसरतंय, हे वहीत कसं पडताळावं

दुर्बीण नको, वही आणि कॅल्क्युलेटर पुरे. उदाहरणाला अरुंधती केश तारकासमूहातला ‘कोमा’ हा दीर्घिकांचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचा, मोठा घोळका घेऊ.

१. रेघ गाठा. दीर्घिकेचा प्रकाश वर्णपटमापकातून फाकवला की त्यात गडद रेघा दिसतात. कॅल्शियमची एक रेघ प्रयोगशाळेत ३९३.४ नॅनोमीटरवर असते. कोमाच्या वर्णपटात ती ४०२.५ च्या आसपास, लाल टोकाकडे सरकलेली सापडते. हीच ताम्रसृती.

२. वेग काढा. फरक ९.१, त्याला ३९३.४ ने भागा, ०.०२३ येतात; हा ताम्रसृतीचा आकडा. प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटरने गुणा. कोमा सेकंदाला सुमारे ६,९०० किलोमीटरने दूर जातोय.

३. अंतर मोजा. खरी मेख इथे आहे. वेगावरून अंतर काढलंत, तर पडताळणी कशाची? अंतर स्वतंत्रपणेच यायला हवं. १९१२ साली हार्वर्डच्या हेन्रिएटा लेविट यांनी दाखवलं, की सेफिड ताऱ्याची लुकलुक जितकी संथ, तितका तो मुळात तेजस्वी. मूळ तेज कळलं, की तो किती मंद दिसतो यावरून अंतर निघतं. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२३ मध्ये आपल्या शेजारच्या देवयानी दीर्घिकेत असाच तारा हेरला. कोमाइतक्या लांब मात्र ‘१ए’ प्रकारचे अतिनवतारे (स्फोट होऊन काही काळ प्रचंड झळाळणारे तारे) जास्त कामाला येतात. त्यांचं तेज सेफिडांवरून ठरवून घेतलेलं असतं. कोमाचं अंतर भरतं सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षं.

या पायरीवर खुद्द हबलही चुकले. त्यांच्या १९२९ च्या आकड्यांवरून विश्वाचं वय जेमतेम २०० कोटी वर्षं येत होतं, म्हणजे पृथ्वीपेक्षाही कमी! पुढे कळलं, सेफिड दोन जातींचे असतात आणि त्यांचं तेज सारखं नसतं, म्हणून अंतरं चुकली होती.

४. दुसरा ठिपका मांडा. कन्या राशीतला दीर्घिकासमूह सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, वेग सेकंदाला साधारण १,१०० किलोमीटर. कोमाचं अंतर त्याच्या सहापट, वेगही जवळपास सहापट. पसरणाऱ्या विश्वात असंच व्हायला हवं. नाडीच्या इलॅस्टिकवर शाईचे ठिपके देऊन ताणा: कुठलाही ठिपका ‘आपला’ धरा, लांबचे ठिपके जास्तच सरकतात. तेव्हा आपण मध्यभागी आहोत असं समजू नका.

देवयानी दीर्घिका मात्र या आलेखात घेऊ नका. गुरुत्वाकर्षणामुळे ती आपल्याकडेच येतेय. खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफर यांनी दीर्घिकांपैकी पहिल्यांदा वेग मोजला तो नेमका तिचाच. शेजाऱ्यांवरून गावाचा अंदाज बांधू नये, तसंच हे.

५. शंका फेडा. प्रकाश वाटेत नुसता थकून लाल होत असेल तर? मग अतिनवताऱ्याचं घड्याळ बघा. ताम्रसृती ०.५ असलेला अतिनवतारा तिथे २० दिवसांत जेवढा मंदावतो, तेवढा मंदावायला आपल्याकडे ३० दिवस लागताना दिसतात. थकलेला प्रकाश रंग बदलेल, पण दिवस कसे ताणेल?