साताऱ्याचा उठावाचा नकाशा : आधी पाणी, मग रंग

तिसरी-चौथीच्या वर्गासाठी जिल्ह्याचा उठावाचा नकाशा करायचा असेल, तर नद्या निळ्या रंगाने आधीच रंगवू नका. मॉडेलवर पाणी सोडल्यावर कृष्णा आपली आपण कऱ्हाडकडे गेली, तरच ते जमलं म्हणायचं.

९०×७५ सेंमीचा प्लायवूड घ्या. १ सेंमी = २ किमी धरलं की जिल्हा त्यात बसतो. उंचीला मात्र हे प्रमाण चालत नाही. महाबळेश्वर जेमतेम ७ मिलिमीटर भरेल! म्हणून उभं प्रमाण १ सेंमी = २०० मीटर धरा. डोंगर दहापट उंच दाखवलेत, हे मुलांना सांगायचं. नाहीतर सह्याद्री खरंच भिंतीसारखा सरळ आहे असं त्यांना वाटतं.

६००, ८००, १००० आणि १२०० मीटर उंचीच्या रेषा कार्बनने खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरवा. प्रत्येक पायरी १ सेंमी. पुठ्ठ्याची जाडी खोक्याखोक्याला बदलते, तेव्हा थर रचून पट्टीने मोजा. जाड पुठ्ठा मुलांच्या कात्रीने कापत नाही. कटर शिक्षकाने चालवावा, मुलांनी गिरवावं आणि चिकटवावं. गटांना तालुके वाटून देऊ नका, सांधे जुळत नाहीत. पायऱ्या वाटा.

त्यावर ३ सेंमी रुंदीच्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं. दोन थर पुरेत, पण पहिला खडखडीत वाळल्याशिवाय दुसरा नको. मैद्याच्या खळीला बुरशी धरते आणि ती टाळायला घालतात तो मोरचूद विषारी, तो मुलांच्या हातात नकोच. पावसाळ्यात हे काम काढूच नये, दिवाळीनंतर बरं.

खरी गोची कृष्णेच्या खोऱ्यात होते. वाई ते कऱ्हाड खोऱ्याचा तळ जवळजवळ सपाटच येतो, त्यामुळे पाणी तिथे डबकं करून बसतं. कागदाच्या लगद्याने उतार द्या: वाई उंच, कऱ्हाड खाली, फरक पाऊण सेंमीचा. कोयनेचंही तसंच. ती महाबळेश्वरहून दक्षिणेला उतरते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळते. मधली बामणोलीची रांग बसकी झाली, तर कोयनेचं पाणी रांग ओलांडून थेट कृष्णेत जातं आणि कऱ्हाडचा कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम उरतच नाही.

ऑइलपेंटचे दोन हात शिक्षकाने मोकळ्या हवेत द्यावेत. दोन दिवसांनी महाबळेश्वरवर चमच्याने पाणी सोडा. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते का, तेही पाहा. अडलं तिथे लगदा खरवडा, पुन्हा रंग द्या. नद्या निळ्या करायच्या त्या यानंतर.

पर्जन्यछाया, म्हणजे डोंगरापलीकडे पाऊस कमी का पडतो ते, मात्र या मॉडेलवर पाणी शिंपडून कळत नाही. त्यासाठी सरबताच्या नळ्या कापा, १ सेंमीला ५०० मिमी पाऊस. महाबळेश्वरला साधारण १२ सेंमीची, पूर्वेकडच्या दहिवडीला १ सेंमीची. दोन्ही टाचणीने उभ्या करा, कारण डिंक ऑइलपेंटवर धरत नाही.