गळ, रापण आणि सर्फबोर्ड : एकाच किनाऱ्यावर वावरताना या चुका टाळा

किनाऱ्यावरची भांडणं बहुतेक सकाळी साडेसहा ते नऊ या वेळात होतात. सिंधुदुर्गातल्या शिरोड्यापासून गोव्यातल्या केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजीपर्यंतच्या पट्ट्यात मी लहानपणापासून गळ टाकतो आहे, आणि गेली काही वर्षं बोर्ड घेऊनही पाण्यात उतरतो. त्यामुळे ही भांडणं मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत. दोन्हीकडची माणसं वाईट नसतात. दोघांनाही त्याच वेळी तेच पाणी हवं असतं, आणि ते का हवं असतं हे समोरच्याला ठाऊक नसतं.

वेळेचं कारण वाऱ्यात आहे. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि सकाळी उशिरापर्यंत टिकतो. तो लाटेला समोरून थोपवून धरतो, म्हणून लाट गुळगुळीत उभी राहते आणि उशिरा फुटते. सर्फरला नेमकं हेच हवं. तोच वारा गळ टाकणाऱ्याच्या पाठीशी असतो, त्यामुळे दोरीला वजनासाठी बांधलेलं शिसं लांब जातं. दहा-अकराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुटला की पाणी खडबडीत होतं आणि दोघंही घरची वाट धरतात. म्हणजे चांगले असे दोन-तीनच तास, आणि ते दोघांत वाटायचे.

“समुद्र एवढा मोठा आहे, जरा सरकून उतर की!”

हे वाक्य मी दोन्ही बाजूंनी ऐकलं आहे. समुद्र मोठा आहे हे खरं, पण उपयोगाचं पाणी थोडं असतं. वाळूचा तळ सपाट नसतो. पाण्याखाली कुठे उंचवटे असतात, कुठे दोन उंचवट्यांमधून खोल वाट गेलेली असते. लाट उंचवट्यावर फुटते. फुटून किनाऱ्याशी आलेलं पाणी परत जाताना त्या खोल वाटेने जातं. या वाटेवर पाणी गडद दिसतं, लाटा कमी फुटतात, कधी फेसाचा पट्टा समुद्राकडे सरकताना दिसतो. ढवळलेल्या वाळूतून निघालेलं खाणं याच वाटेने वाहत येतं, म्हणून मासा तिथे थांबतो. सर्फरही फुटत्या लाटांचा मार न खाता बाहेर जायला हीच वाट शोधतो.

तेव्हा पाचशे मीटरच्या किनाऱ्यावर अशा दोनच वाटा असल्या तर “सरक” म्हणण्याला अर्थ उरत नाही. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं उंच वाळूवर उभं राहून तळाचा अंदाज घ्या. वाटा किती, त्यावर माणसं कोण, हे मोजा. दोन वाटा असतील तर एक गळवाल्यांची, एक बोर्डवाल्यांची, असं त्या सकाळपुरतं बोलून ठरवता येतं. एकच असेल तर आधी आलेला मधे राहील, आणि नंतरच्याने उंचवट्यावरून फेसातून बाहेर जावं. त्रास होतो, पण जमतं.

पोहायला आलेल्यांसाठी मात्र ही गडद, शांत दिसणारी वाट सगळ्यात धोक्याची. तिथली ओढ माणसाला आत नेते. शांत पाणी म्हणून लहान मुलांना तिथे सोडू नका.

गळवाल्याच्या समोरून जाणं

नवीन सर्फर ही चूक हमखास करतात. माणूस वाळूवर उभा आहे, त्याच्या आणि पाण्याच्या मधे मोकळी जागा आहे, म्हणून तिथूनच बोर्ड घेऊन आत शिरतात. दोरी दिसत नाही. तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) असो की विणलेली दोरी, पहाटेच्या उजेडात ती पाच हातांवरूनही दिसत नाही. रॉड उभा रोवलेला असेल तर किनाऱ्यालगत ती माणसाच्या छाती-गळ्याच्या उंचीवर असते. विणलेली दोरी ताणलेली असेल तर कातडी सहज कापते.

नेहमी त्याच्या पाठीमागून जा. हाक मारा. आमच्याकडे “काका, दोरी खय टाकलास?” एवढं विचारलं तरी माणूस लगेच हाताने दिशा दाखवतो. विचारल्याचा राग आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

त्याहून बारीक गोष्ट अशी की दोरी माणसाच्या सरळ समोर नसते. किनाऱ्याला समांतर एक प्रवाह असतो. तो शिसं आणि दोरी एका बाजूला ओढत नेतो आणि दोरीला बाक येतो. माणूस उभा एका ठिकाणी, गळ तीस-चाळीस पावलं बाजूला. ओढ कुठल्या बाजूला आहे ते फेसाकडे, नाहीतर तरंगणाऱ्या पानाकडे मिनिटभर पाहिलं की कळतं. उतरायचं ते उलट्या बाजूने. त्या बाजूला त्याची दोरी सहसा नसते. हे एवढं पाळलं तरी निम्म्याहून अधिक गुंते होणार नाहीत, असं मी अनुभवाने सांगतो.

रॉड रोवून चहाला जाणं

ही आमच्या, म्हणजे गळवाल्यांच्या बाजूची चूक, आणि ती मला जास्त टोचते. तीन-तीन रॉड पंख्यासारखे पसरून रोवायचे, शंभर मीटर किनारा अडवायचा आणि सावलीत जाऊन बसायचं. दोरीजवळ माणूस नसेल तर ती काढणार कोण, ढिली करणार कोण? समोर लाटेवर माणसं असताना जितके रॉड हाताशी सांभाळता येतील तितकेच टाकावेत. माझ्यापुरता मी एकच ठेवतो.

तसंच, लाटेवर माणसं बसलेली दिसत असताना त्यांच्या डोक्यावरून पलीकडे शिसं फेकणं हे कुठल्याही सबबीने चालणार नाही. फेकताना दोरी तुटली तर ते वेगाने सुटलेलं शिसं कुठेही जाऊ शकतं. रात्री किंवा पहाटे रॉडच्या टोकाला छोटी चमकणारी नळी लावा. मासा लागल्याचंही कळतं आणि येणाऱ्यालाही दिसतं.

“सर्फर मासा पळवतात” ही तक्रार अर्धीच खरी. गुडघाभर स्वच्छ पाण्यात मुडदुशी लागत असेल तर चार माणसं धपाधप चालत गेल्यावर ती जाणारच. पण जिथे लाट फुटून पाणी पांढरं झालेलं असतं तिथे आधीच एवढी ढवळाढवळ असते की बोर्डाने फार काही बिघडत नाही. तांबोशी, कोकर मला अशा पाण्यात बोर्ड शेजारून गेल्यावरही लागले आहेत.

रापण लागलेली असताना पाण्यात उतरणं

गळ ही बहुतेकांची हौस असते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, हे पोट आहे. इथे आधी कोण आलं हा प्रश्नच लागू होत नाही. रापणीला वाट द्यायची.

ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. रापणीच्या दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांकडे राहतं. होडी जाळं सोडत सोडत समुद्रात जाते, मोठा अर्धगोल घेते आणि दुसरं टोक किनाऱ्यावर काही अंतरावर आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात. कमरेला दोर अडकवून, मागे झुकून, पाऊल पाऊल मागे येत ती जाळं ओढतात. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. याला तास-दोन तास लागतात, कधी त्याहून जास्त. एकदा जाळं पाण्यात पडलं की ते मधेच थांबवता येत नाही. थांबलं तर तारली, पेडवे, बांगडे जे काही वेढ्यात आलं असेल ते खालून निसटतं आणि वीस-तीस घरांची सकाळ वाया जाते.

चूक कुठे होते? बाहेरून आलेल्याला किनाऱ्यावर दोन ठिकाणी दोर ओढणारी माणसं दिसतात, पण मधलं पाणी मोकळं दिसतं. म्हणून तो मधे उतरतो, आणि मग वेढ्याच्या आत असतो. बोर्डाच्या खालचे पंख जाळ्यात अडकले तर जाळं फाटतं. फाटलेलं जाळं शिवायला दिवस जातात.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. होडी किनाऱ्यावरून निघाली आणि वाळूवर कुणीतरी दोर धरून उभं राहिलं, की त्या बाजूला पाण्यात जायचं नाही. पाण्यावर जाळ्याच्या तरंगत्या बोयांची बाकदार ओळ दिसली, तर ती संपते त्याच्याही बरंच पलीकडे जायचं. आधीपासून पाण्यात असाल आणि होडी निघालेली दिसली, तर ती तुमच्या बाहेरून वळण घेण्याआधी किनाऱ्यावर या. “शेवटची एक लाट घेतो” म्हणत थांबू नका.

आणि किनाऱ्यावर आलातच, तर दोराला हात लावा. हे मी मनापासून सांगतो. रापण ओढायला हात लावणाऱ्याच्या पिशवीत मूठभर मासे पडतात, हा आमच्याकडचा जुना रिवाज. एकदा दोर ओढलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी तीच माणसं “आज हय नको, थय उतर” असं आपणहून सांगतात.

रापणकार लवकर चिडतात असं बाहेरचे म्हणतात. त्यामागचा इतिहास त्यांना ठाऊक नसतो. 1970 च्या दशकात ट्रॉलरनी किनाऱ्याजवळचा मासा ओरबाडायला सुरुवात केली तेव्हा गोव्यातले रापणकार मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. मातान्ही साल्ढाणा त्या लढ्याचे पुढारी. त्यानंतर 1980 साली गोव्यात आणि 1981 साली महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे कायदे झाले. आधी समुद्रातून ढकललं, आता शॅक, खाटा आणि खेळ यांनी वाळूवरून ढकलतील, ही भीती त्यांच्या बोलण्यात असते. ती खोटी म्हणण्यासारखं मला काही दिसत नाही. म्हणूनच सर्फ शिकवणाऱ्यांनी हंगाम सुरू होताना रापणीच्या संघाकडे जाऊन बसावं, ओढायच्या जागा कोणत्या ते विचारावं आणि वर्ग तिथून लांब लावावेत. तामिळनाडूतल्या कोवलमला मूर्ती मेगावन हे स्वतः मच्छीमार. ते सर्फिंग शिकले, गावातल्या मुलांना शिकवू लागले, आणि आज तिथे कोळ्याचं पोर आणि सर्फर एकच असू शकतो. आपल्याकडे अशी मुलं तयार झाली तर हा लेख लिहावा लागणार नाही.

पागी, म्हणजे पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारा, तर आणखी सहज नजरेतून सुटतो. कमरेइतक्या पाण्यात तो एकटाच स्तब्ध उभा असतो, खांद्यावर पाग घेऊन. तो हलत नाही कारण तो पाणी वाचत असतो. त्याच्यापासून लांबून जा, आणि बोलायचं असेल तर पाग पडल्यावर बोला.

भरती न पाहता “माझी जागा” ठरवणं

सहाला ओहोटी असताना रोवलेला रॉड नऊला चुकीच्या जागी असतो. पाणी चढलं की लाट बाहेरच्या उंचवट्यावर फुटायची थांबते आणि आतल्या उंचवट्यावर फुटू लागते. सर्फर तिच्यामागे आत सरकतात आणि गळवाल्याला वाटतं हे मुद्दाम अंगावर आले. कुणीच मुद्दाम आलेलं नसतं.

जुन्या माणसांचा हिशेब अजून उपयोगी आहे. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडची पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला सहा, अमावास्येला आणि पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. दक्षिणेकडे, आमच्या बाजूला, भरती थोडी आधी येते. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त चढतं-उतरतं, म्हणून जागाही जास्त सरकते. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, फरक कमी. मी अष्टमीच्या आसपास गळ टाकायला जातो ते याचसाठी.

वाळूवर टाकून दिलेलं

शिंगाळा हा काटेरी मासा लागला की काढून वाळूवर फेकायची सवय सोडा. त्याचे काटे मेल्यावरही टोचतात आणि सर्फर अनवाणी असतात. काटा टोचलाच, किंवा पाकट माशाने शेपटीचा काटा मारला, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. वेदना उतरतात. मग डॉक्टरकडे जा. तुटलेली तंगूस गुंडाळून घरी न्या. कुत्र्याच्या, बगळ्याच्या पायात अडकलेली मी पुष्कळदा सोडवली आहे. मोरजीसारख्या ठिकाणी कासवं अंडी घालायला येतात. तिथे हिवाळ्यात रात्री गळ टाकताना डोक्यावरची बत्ती समुद्रकिनाऱ्यावर फिरवत ठेवू नका.

गुंता झालाच तर

बोर्डाची दोरी घोट्याला बांधलेली असते आणि गळाची दोरी नेमकी तिच्यातच अडकते. सर्फरने लगेच हात वर करावा आणि हात मारणं थांबवावं. जोर लावून पुढे गेलं की गळ आणखी रुततो. किनाऱ्याकडे थोडं आलं की दोरी ढिली पडते. गळवाल्याने रीळ फिरवू नये. मासा लागल्यासारखा झटका देण्याची सवय हाताला असते, ती इथे आवरा. रीळ मोकळं सोडा, आणि सुटत नसेल तर दोरी कापा. कात्री खिशात हवी, पिशवीत नको. गळ आणि शिशाचे पैसे कुणी मागितलेच तर मुकाट्याने द्या.

रापणीत बोर्ड अडकला तर ओरडा, दोन्ही हात वर करा, घोट्याचा पट्टा सोडा. जाळं कापू नका. ओढणारे हात वर केलेला पाहतात आणि ढील देतात. बाहेर आल्यावर आधी जाळं किती फाटलं ते विचारा, बोर्डाचं नंतर बघा.

गळ अंगात रुतला तर ओढून काढायच्या भानगडीत पडू नका. त्याला उलटा काटा असतो, मागे ओढला की मांस फाटतं. दोरी गळापासून वीतभर ठेवून कापा, गळ आहे तिथेच राहू द्या, हलू नये म्हणून वरून कापड बांधा आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टर विचारतीलच. डोळ्याजवळ असेल तर हातही लावू नका. त्या वेळी चूक कुणाची होती याची चर्चा वाळूवर करत बसू नका. गाडी ज्याची जवळ असेल त्याने काढावी.