‘मिसमॅच्ड’ लिहिताना या चुका टाळा

सोलापूरच्या चाटी गल्लीतून असो की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून, चादरी-टॉवेलचा माल बाहेर पाठवताना इंग्रजीत कळवावं लागतंच. त्यात ‘मिसमॅच्ड’ जपून वापरा. अर्थ साधा आहे: जोडीचे किंवा सेटचे म्हणून एकत्र आलेले, पण एकमेकांशी न जुळणारे नग. आपल्याकडे त्याला विजोड म्हणतात.

सगळ्यात महागात पडते ती ‘अनमॅच्ड’शी होणारी गल्लत. ‘अनमॅच्ड क्वालिटी’ म्हणजे तोड नसलेला दर्जा. त्याच जागी ‘मिसमॅच्ड क्वालिटी’ छापलं, तर एक नग चांगला, दुसरा सुमार, असं तुम्हीच लिहून दिलंत. ‘मिस’ने चुकीची जुळणी कळते, ‘अन’ने जुळणी नसणं. हिशेबातही हा फरक आहे. जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या पत्रकात, बिलाची नोंदच दिसत नसेल तर ती नोंद ‘अनमॅच्ड’. नोंद आहे, पण रक्कम वेगळी, तर ‘मिसमॅच’.

‘असॉर्टेड’ हा तिसराच शब्द. पेटीत बारा टॉवेल मुद्दाम वेगवेगळ्या रंगांचे भरले असतील, तर ‘असॉर्टेड कलर्स’ लिहा. इथे ‘मिसमॅच्ड’ लिहिलं की गिऱ्हाईक त्याला दोष समजणार. उलट, डबल बेडच्या सेटमधल्या दोन उशांच्या अभ्र्यांचा रंग वेगळ्या डाय लॉटमुळे (रंगवण्याच्या वेगळ्या खेपेमुळे) फिका-गडद झाला असेल, तर ‘मिसमॅच्ड पिलो कव्हर्स’ अगदी बरोबर. मात्र एकट्या नगाला हे विशेषण लावू नका. एकच अभ्रा वेगळा निघाला तर ‘धिस वन डझ नॉट मॅच द सेट’ म्हणा.

‘कलर इज मिसमॅच’ हे वाक्य तर सर्रास दिसतं. ‘मिसमॅच’ हे नाम किंवा क्रियापद आहे, विशेषण नाही. ‘द कलर्स आर मिसमॅच्ड’ किंवा ‘देअर इज अ मिसमॅच बिटवीन द सॅम्पल अँड द लॉट’ असं लिहा. नामासोबत दोन बाजू सांगायच्या तर ‘बिटवीन’ वापरा.

स्पेलिंगमध्ये ‘मिस’ला एकच एस, आणि शब्द सलग. दोन एस घालून तोडून लिहिलं की सामना चुकवण्याचा वास येतो. बोलताना नाम असेल तर जोर ‘मिस’वर, क्रियापद असेल तर ‘मॅच’वर.