न्हाणीघरातील नळ स्वतः बदलताना
भिंतीतून येणारा साधा नळ बदलायला स्क्रू पाना, टेफ्लॉन टेप, जुना टूथब्रश आणि त्याच मापाचा नवा नळ एवढे साहित्य पुरते.

प्रथम पाणीपुरवठा व्हॉल्व्हपाशी बंद करून नळ उघडावा, म्हणजे पाइपात साठलेले पाणी निघून जाईल; मग तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून काढावा. घट्ट बसला असल्यास झटके मुळीच देऊ नयेत, कारण आतला सांधा निखळला तर भिंत फोडावी लागते. गंज सोडवणारे तेल टाकून थांबलेले बरे.

आतील आटे ब्रशने स्वच्छ झाले की खरे कसब लागते ते टेप गुंडाळण्यात. नव्या नळाच्या आट्यांचे टोक आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या दिशेने, ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढेल अशी गुंडाळावी. उलटी गुंडाळलेली टेप नळ बसवताना सुटत जाते आणि सांधा झिरपू लागतो. भिंतीलगतची गोल चकती आधीच ओवून ठेवावी. सुरुवातीचे फेरे हातानेच द्यावेत, म्हणजे नळ तिरका लागला तर लगेच जाणवते, आणि शेवटचा फेरा कापड मध्ये धरून पान्याने द्यावा. तोंड खाली येण्याच्या जागेपेक्षा नळ पुढे गेला, तर तो मागे फिरवून सरळ करण्याचा मोह टाळावा. टेप सैल पडते, म्हणून नळ काढून नवी टेप गुंडाळावी.

व्हॉल्व्ह सावकाश उघडून सांध्याभोवती कोरडा कागद फिरवावा. ओल दिसली नाही, तर काम झाले.